कामावर अपघात झाला तर मालकाची जबाबदारी काय? भरपाई किती, मुदत किती, विमा कोणता – वाचा सविस्तर

कुंभार पिंपळगाव (ता. घनसावंगी, जि. जालना) : सोयाबीनची मळणी चालू असताना मजुराचा हात यंत्रात गेला. विहिरीच्या खोदकामात वरून दगड सुटला. जिनिंगमध्ये पट्ट्यात बाही अडकली. असं काही घडलं की पुढचं सगळं गावात ठरल्यासारखंच होतं. जखमीला मिळेल त्या गाडीत घालून जालन्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला नेलं जातं. चार-दोन दिवसांनी चार माणसं बसतात. मालक पन्नास हजार, फार तर लाख रुपये देतो. कागदावर सही किंवा अंगठा होतो आणि "मिटलं एकदाचं" म्हणून सगळे उठतात.

कायद्याच्या हिशेबाने मात्र ते मिटलेलं नसतं. मजुराला जेवढं मिळायला हवं त्याचा दहावा हिस्साही अनेकदा त्याच्या हातात पडत नाही. मालकानेही पैसे देऊन सुटका झाली असं समजू नये. मजूर किंवा त्याच्या घरचे दोन वर्षांच्या आत दावा करू शकतात, आणि तेव्हा मूळ रकमेवर व्याज आणि दंडही लागू शकतो. म्हणून ही माहिती मजुरांनी वाचावी, आणि मजूर लावणाऱ्यांनीही. आपल्याकडे एकाच घरात दोन्ही असतात. सोयाबीन काढायला चार बाया लावणारा शेतकरी दिवाळीनंतर स्वतःच ट्रक भरायला जातो.

कायदा कोणता?

हा कायदा १९२३ चा, म्हणजे इंग्रजांच्या काळातला. आधी त्याचं नाव 'कामगार नुकसानभरपाई अधिनियम' होतं, २०१० पासून 'कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम' झालं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या आणि हा विषय 'सामाजिक सुरक्षा संहिता, २०२०' मध्ये गेला. त्या संहितेचं सातवं प्रकरण याच विषयाचं आहे. आधी ज्यांना 'आयुक्त' म्हणत, त्यांना आता 'सक्षम प्राधिकारी' म्हणतात. मूळ चौकट मात्र तीच राहिली आहे : काम करताना आणि कामामुळे अपघात झाला, तर भरपाई मालकाने द्यायची. संहिता लागू होण्याआधीच्या अपघातांना जुना कायदा लागतो.

यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. "माझी काय चूक? त्यानेच हात घातला" हे उत्तर इथे चालत नाही. मजुराचा थोडा निष्काळजीपणा झाला तरी भरपाई बुडत नाही.

अपवाद थोडेच आहेत. मजूर दारूच्या नशेत असेल, सुरक्षेचा नियम त्याने मुद्दाम मोडला असेल किंवा यंत्राचं संरक्षक झाकण मुद्दाम काढलं असेल, तर मालक भरपाई नाकारू शकतो. पण मृत्यू झाला किंवा मजूर कायमचा पूर्ण अपंग झाला, तर या सबबीही चालत नाहीत. तीन दिवसांच्या आत बरी होणारी दुखापत मात्र भरपाईत धरली जात नाही.

आपल्या भागातली कोणती कामं यात येतात?

"हा कायदा कारखान्याचा, शेतीला कुठं लागतो?" असं बरेच जण म्हणतात. कायद्याला जोडलेल्या यादीत गावाकडची ही कामं स्पष्ट लिहिलेली आहेत :

• ट्रॅक्टरने किंवा विजेवर, इंजिनावर चालणाऱ्या यंत्राने केलेली शेती
• यंत्राने कापणी आणि मळणी
• कीटकनाशकांची फवारणी आणि धुरळणी
• विहीर खोदणं, विहिरीचं खोलीकरण, बोअर घेणं
• विहिरीवरची, तळ्यावरची मोटार-पंप बसवणं आणि दुरुस्त करणं
• सुरुंग लावून केलेलं काम, तसंच १२ फुटांपेक्षा खोल खोदकाम
• ट्रक, ट्रॅक्टर, टेम्पो चालवणं आणि त्यात माल भरणं-उतरवणं
• विजेच्या तारा आणि खांबांचं काम
• एका मजल्यापेक्षा जास्त किंवा १२ फूट आणि त्याहून उंच इमारतीचं बांधकाम; रस्ता, पूल, कालवा यांचं काम

हाताने होणारी साधी शेतीकामं, म्हणजे खुरपणी, वेचणी, गुरांची राखण, यांसाठी नियम वेगळा आहे. मागच्या १२ महिन्यांत एखाद्या दिवशी तरी २५ पेक्षा जास्त माणसं कामाला असतील, तरच ती कामं यात येतात. म्हणजे चार मजूर लावून कापूस वेचणाऱ्या शेतकऱ्याला हा कायदा लागत नाही. पण त्याच शेतकऱ्याने मळणी यंत्र लावलं किंवा फवारणीला माणूस लावला, तर लागतो.

"तो तर रोजंदारीवरचा, दोनच दिवस आला होता" असंही सांगितलं जातं. तात्पुरत्या मजुरांना वगळणारे शब्द २००० सालच्या दुरुस्तीने कायद्यातून काढून टाकले आहेत. एका दिवसाच्या कामावरही संरक्षण आहे. सालगड्यालाही वरच्या यादीतलं काम करताना ते आहेच.

मुकादम मध्ये असला तर?

आपल्या तालुक्यातून दरवर्षी ऊसतोडीला टोळ्या जातात. उचल मुकादम देतो, हजेरी मुकादम ठेवतो. अपघात झाला की कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो आणि मुकादम कारखान्याकडे. कायदा म्हणतो : एखाद्याने आपल्या धंद्याचं काम ठेकेदारामार्फत करून घेतलं, तर ठेकेदाराच्या मजुराची भरपाईही मूळ मालकाकडून मागता येते. मूळ मालकाने ती द्यावी आणि नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी. मजुराने दोघांच्या मध्ये हेलपाटे घालण्याची गरज नाही. एकच अट आहे : अपघात मूळ मालकाच्या कामाच्या जागेवर, त्या जागेच्या लगत किंवा त्याच्या ताब्यातल्या जागेत झालेला असला पाहिजे.

आणखी एक मोठी सोय आहे, ती फार थोड्यांना माहीत असते. अपघात सांगली-कोल्हापुरात होवो की कर्नाटकात, दावा करणारा जिथे राहतो त्या भागातल्या प्राधिकाऱ्याकडेही अर्ज करता येतो. जखमी माणसाला किंवा विधवेला तारखांसाठी तिकडे फिरावं लागत नाही.

भरपाई किती? हिशेब असा करा

हिशेबाला तीन गोष्टी लागतात : महिन्याची मजुरी, वय आणि दुखापत किती मोठी. वयासाठी कायद्यात गुणांकांचा तक्ता दिलेला आहे. वय मागच्या वाढदिवसाला पूर्ण झालेलं धरतात. काही आकडे :

• २० वर्षे : २२४.००
• २५ वर्षे : २१६.९१
• ३० वर्षे : २०७.९८
• ३५ वर्षे : १९७.०६
• ४० वर्षे : १८४.१७
• ४५ वर्षे : १६९.४४
• ५० वर्षे : १५३.०९

मृत्यू झाला तर : महिन्याच्या मजुरीचे ५० टक्के × गुणांक.
कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर : महिन्याच्या मजुरीचे ६० टक्के × गुणांक.

समजा, ३० वर्षांचा मजूर जिनिंगवर महिन्याला १२,००० रुपये कमावत होता. त्याचा मृत्यू झाला तर ६,००० × २०७.९८ = १२,४७,८८० रुपये. तो कायमचा पूर्ण अपंग झाला तर ७,२०० × २०७.९८ = १४,९७,४५६ रुपये. आता गावात 'मिटवलेला' लाख रुपयांचा आकडा याच्या शेजारी ठेवून बघा.

हात, बोट, डोळा गेला तर कायद्याच्या तक्त्यात टक्केवारी ठरलेली आहे. पंजा गेला तर ६० टक्के, अंगठा ३० टक्के, एका हाताची चार बोटं ५० टक्के, तीन बोटं ३० टक्के, दोन बोटं २० टक्के, नुसती तर्जनी १४ टक्के. एक डोळा गेला आणि दुसरा चांगला असेल तर ४० टक्के. वरच्याच मजुराचा पंजा गेला, तर १४,९७,४५६ चे ६० टक्के म्हणजे सुमारे ८ लाख ९८ हजार रुपये. अंगठा गेला तर सुमारे ४ लाख ४९ हजार.

तक्त्यातली टक्केवारी कमी असली, पण माणूस आपलं काम पुन्हा करूच शकत नसेल, तर पूर्ण अपंगत्व धरलं जाऊ शकतं. ओडिशातल्या एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून ते १०० टक्के अपंगत्वच, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये दिला. भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देणं लागते, हेही त्याच निकालात सांगितलं.

दुखापत तात्पुरती असेल, म्हणजे पाय मोडला आणि तीन महिने घरी बसावं लागलं, तर दर पंधरवड्याला महिन्याच्या मजुरीचे २५ टक्के मिळतात. १२,००० वाल्याला पंधरवड्याला ३,००० रुपये. हे जास्तीत जास्त पाच वर्षे चालू शकतं. पहिल्या तीन दिवसांचे पैसे मिळत नाहीत, पण दुखणं २८ दिवस किंवा त्याहून जास्त चाललं तर पहिल्या दिवसापासून हिशेब होतो.

याशिवाय दवाखान्याचा खरा झालेला खर्च मालकाने द्यायचा आहे. तो भरपाईतून कापायचा नाही. मृत्यू झाला तर अंत्यविधीचे पैसे वेगळे; जुन्या कायद्यात ते कमीत कमी ५,००० रुपये होते.

लक्षात ठेवायची मर्यादा : ३ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने हिशेबासाठी मजुरी जास्तीत जास्त १५,००० रुपये धरली जाते. जुन्या कायद्यात मृत्यूसाठी किमान १,२०,००० आणि कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी किमान १,४०,००० रुपये ठरलेले होते. हे आकडे केंद्र सरकार अधिसूचनेने बदलतं, म्हणून अर्ज करताना चालू आकडा वकिलाकडून तपासून घ्या.

रोजंदारीवाल्याचा महिना कसा काढायचा? सलग जितके दिवस काम केलं त्याची एकूण मजुरी भागिले दिवस, गुणिले ३०. महिन्यापेक्षा कमी दिवस काम झालं असेल, तर त्याच भागात तसंच काम करणाऱ्याला महिन्याला जेवढं मिळतं ते धरतात.

मालकाने काय करायचं? क्रमाने वाचा

१) कामावर घेतानाच सांगा. भरपाईचा हक्क मजुराला लेखी, त्याला समजेल अशा भाषेत कळवणं २०१७ च्या दुरुस्तीपासून मालकाचं काम आहे. मोबाईलवरून पाठवण्याचीही सोय त्यात आहे. जुन्या कायद्यात हे न केल्याबद्दल ५०,००० ते १ लाख रुपये दंड होता.

२) हजेरी आणि मजुरीची नोंद ठेवा. साध्या वहीत असली तरी चालेल, पण तारीख, नाव आणि रक्कम हवी. नोंद नसेल तर वादात मालकाचीच अडचण होते.

३) अपघात झाला की आधी उपचार. मजुराने कळवल्यावर तीन दिवसांच्या आत मालक आपल्या खर्चाने डॉक्टरची तपासणी करून देऊ शकतो. मजुरानेही ती टाळू नये.

४) सात दिवसांत कळवा. कामाच्या जागी मृत्यू किंवा गंभीर दुखापत झाली, तर त्याचा अहवाल सात दिवसांत प्राधिकाऱ्याकडे गेला पाहिजे. विमा असेल तर कंपनीलाही लगेच लेखी कळवा.

५) एक महिन्यात पैसे द्या. महिना उलटला की १२ टक्क्यांनी व्याज सुरू. योग्य कारणाशिवाय उशीर केला, तर मूळ रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड वेगळा. वरच्या १२,४७,८८० रुपयांवर वर्षाचं व्याजच १,४९,७४५ रुपये होतं, आणि दंड सहा लाखांच्या वर जाऊ शकतो.

६) रकमेचा वाद असेल तरी जेवढी मान्य आहे तेवढी लगेच द्या. "कोर्टात बघू" म्हणून सगळंच अडवून ठेवता येत नाही.

७) मृत्यूची भरपाई घरच्यांच्या हातात देऊ नका, प्राधिकाऱ्याकडे जमा करा. हा नियम बऱ्याच मालकांना महागात पडतो. मृत्यूच्या प्रकरणात वारसांना परस्पर दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरली जात नाही. फक्त तीन महिन्यांच्या मजुरीएवढी उचल देता येते, तीच पुढे वळती होते. बाकी रक्कम प्राधिकारी विधवा, लहान मुलं, विधवा आई अशा अवलंबितांमध्ये वाटून देतो. मधल्या माणसांनी पैसे खाऊ नयेत म्हणूनच ही तरतूद आहे.

स्टॅम्पवर सही घेतली असेल तर?

"मला काही नको, माझी तक्रार नाही" असं शंभराच्या किंवा पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून घेतलं, तरी भरपाईचा हक्क जात नाही. हक्क सोडून देणारा करार कायद्याने रद्दच आहे. जखमी मजुराशी खरोखर तडजोड करायची असेल, तर तिची नोंद प्राधिकाऱ्याकडे करावी लागते, आणि रक्कम फार कमी वाटली तर ते नोंद नाकारू शकतात. म्हणून मालकाच्याही हिताचं हेच, की तडजोड पारावर नको, कार्यालयात करावी.

विमा कोणता घ्यायचा?

यात दोन वाटा आहेत आणि त्यांची गल्लत होते.

पहिली वाट कर्मचारी राज्य विमा, म्हणजे ईएसआय. जिथे ही योजना लागू आहे, तिथे १० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनेने १५ दिवसांत नोंदणी करायची. २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेले कामगार त्यात येतात. १ जुलै २०१९ पासून मालकाचा हिस्सा ३.२५ टक्के आणि कामगाराचा ०.७५ टक्के आहे. १२,००० पगारावर मालकाचे ३९० आणि कामगाराचे ९० रुपये. पैसे पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे. कामावर दुखापत झाली तर उपचार आणि मजुरीच्या सुमारे ९० टक्के रक्कम ईएसआयकडून मिळते. मृत्यू झाला तर अवलंबितांना दर महिन्याला पैसे चालू होतात, अंत्यविधीला १५,००० रुपये. जो कामगार ईएसआयमध्ये आहे, त्याला वर सांगितलेली मालकाकडची भरपाई वेगळी मागता येत नाही. मालकाने ईएसआयचा हिस्सा भरला नसेल, तरी कामगाराला लाभ देऊन तो पैसा मालकाकडून वसूल करण्याचा अधिकार ईएसआय महामंडळाला आहे.

आता इथे आपल्या भागासाठी मेख आहे. हंगामी कारखाने ईएसआयमधून वगळलेले आहेत. फक्त सरकी काढणं, गाठी बांधणं, साखर किंवा गूळ बनवणं अशी कामं करणारे कारखाने हंगामी धरले जातात. म्हणजे जिनिंग-प्रेसिंगच्या, गुऱ्हाळाच्या किंवा साखर कारखान्याच्या कामगाराच्या मागे बहुतेक वेळा ईएसआय नसतं. तिथे भरपाईची पूर्ण जबाबदारी थेट मालकावर येते.

म्हणून दुसरी वाट : कर्मचारी नुकसानभरपाई विमा. न्यू इंडिया, ओरिएंटल, नॅशनल, युनायटेड इंडिया या सरकारी कंपन्या आणि खासगी कंपन्याही तो देतात. मजुरांची संख्या, त्यांची मजुरी आणि कामाचा धोका पाहून हप्ता ठरतो. पॉलिसी घेताना एवढं बघा :

• मजुरांची खरी संख्या आणि खरी मजुरी लिहिली आहे का? हप्ता वाचवायला दहाच्या जागी चार मजूर दाखवले, तर बाकीच्यांचा भार तुमच्यावर.
• ठेकेदाराचे मजूर धरले आहेत का?
• कामाचं स्वरूप बरोबर लिहिलं आहे का? 'शेतीकाम' लिहून सुरुंगाचं काम केलं तर अडचण होणार.
• दवाखान्याचा खर्च त्यात आहे का? अनेकदा तो वेगळा जोडावा लागतो.
• ट्रॅक्टर-ट्रकच्या विम्यात चालक आणि हमाल धरले आहेत का? ट्रॉलीत बसवून नेलेल्या मजुरांबद्दल पॉलिसीत काय लिहिलंय?

विमा असो-नसो, मजुराच्या समोर जबाबदार मालकच असतो. विम्याने फक्त पैसे कोण भरणार ते बदलतं. आणि दंड तर विमा कंपनी भरतच नाही. भरपाई आणि व्याज कंपनीकडून घेता येईल, पण उशिराचा दंड मालकाच्याच खिशातून जाईल, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये सांगितलं आहे.

शेतकऱ्यांसाठी राज्य सरकारची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. त्यात मृत्यूला २ लाख रुपये मिळतात. ती शेतकरी कुटुंबासाठीची सरकारी मदत आहे. "तुला सरकारचे दोन लाख मिळतील" असं सांगून मालकाची भरपाई टाळता येत नाही. वाहनाच्या अपघातात मात्र मोटार वाहन कायद्याखाली किंवा या कायद्याखाली, दोन्हीपैकी एकाच ठिकाणी दावा करता येतो. कुठे जास्त मिळेल ते आधी वकिलाला विचारा.

मराठवाड्यातलंच एक प्रकरण

धाराशिव जिल्ह्यात एका साखर कारखान्यावर रखवालदार कामाला होता. पहाटे ३ ते ११ अशी त्याची पाळी. २२ एप्रिल २००३ रोजी पाळीवर जाताना, कारखान्यापासून सुमारे ५ किलोमीटरवर मोटारसायकलच्या अपघातात तो गेला. मागे बायको, चार लेकरं आणि आई.

आयुक्तांनी ३,२६,१४० रुपये आणि १२ टक्के व्याज मंजूर केलं. विमा कंपनी उच्च न्यायालयात गेली. अपघात रस्त्यावर झाला, कामावर नाही, म्हणून २०११ मध्ये तो आदेश रद्द झाला. घरच्यांनी सोडलं नाही. २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आयुक्तांचा आदेश पुन्हा कायम केला. घरून कामावर जाताना किंवा कामावरून परतताना झालेला अपघातही कामाचाच धरायचा. फक्त वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध दिसला पाहिजे, असं न्यायालयाने सांगितलं. नव्या संहितेतही हीच तरतूद आहे.

न्याय मिळाला, पण २२ वर्षांनी. तेव्हाची लहान लेकरं एव्हाना मोठी झाली असतील. म्हणून अपघाताच्या पहिल्या आठवड्यातच कागद नीट तयार ठेवणं फार गरजेचं आहे.

मजुराने आणि घरच्यांनी काय करायचं?

• मालकाला लगेच लेखी कळवा. व्हॉट्सॲपवर पाठवलं तरी ते जपून ठेवा. मालकाला अपघात माहीत होता हे दाखवता आलं, तर नोटीस नसली म्हणून दावा बुडत नाही.
• दवाखान्यात नोंद करताना "कामावर, अमक्याच्या मळणी यंत्रात" असं खरं तेच लिहायला सांगा. "घरी पडलो" असं लिहून घेतलं की पुढे सगळं अवघड होतं.
• गंभीर अपघात असेल तर पोलिसांत नोंद आणि पंचनामा करून घ्या. जागेचे, यंत्राचे फोटो काढा. सोबत काम करणाऱ्यांची नावं लिहून ठेवा.
• मजुरी मिळाल्याचा पुरावा जपा : फोनपेचा मेसेज, बँकेची नोंद, मुकादमाची चिठ्ठी.
• आधार, वयाचा दाखला, दवाखान्याची बिलं, अपंगत्वाचं प्रमाणपत्र किंवा मृत्यूचा दाखला आणि शवविच्छेदन अहवाल एका पिशवीत ठेवा.
• दोन वर्षांच्या आत दावा दाखल करा. उशीर झाला आणि कारण पटण्यासारखं असेल तर तो माफ होऊ शकतो, पण त्या भरवशावर राहू नका.

दावा कामगार न्यायालयाच्या न्यायाधीशांकडे, किंवा ते काम दिलेलं असेल तिथे वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांकडे चालतो. तीन महिन्यांत निकाल लावावा असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात वेळ लागतो. निकालाविरुद्ध मालकाला उच्च न्यायालयात जायचं असेल, तर त्याला आधी भरपाईची रक्कम जमा करावी लागते.

वकिलाची फी नसेल म्हणून थांबू नका. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळतो. त्यासाठी जवळच्या न्यायालयातली तालुका विधी सेवा समिती किंवा जालन्याचं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण इथे अर्ज करा. १५१०० या टोल फ्री क्रमांकावरही माहिती मिळते.

मळणीचा हंगाम असो की जिनिंगचा, मालकाने मजुरांची यादी, हजेरीची वही आणि विम्याची पॉलिसी काम सुरू होण्याआधी एकदा तपासावी. मजुरानेही उचल घेताना "तात्या, विमा काढलाय का?" एवढं विचारावं. विचारण्यात कमीपणा काही नाही, आणि नंतर विचारायची वेळ आली तर ती दवाखान्याच्या दारात येते.